आमचे रब्बी रिटायर होतायत, शाल-श्रीफळ देऊ का?

पत्र

ताई, नमस्कार आणि शालोम. मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, लहानाची मोठी झाले, लग्नानंतर न्यू जर्सीला आले ती इथलीच झाले. आमच्या इथल्या सिनेगॉगचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, ह्या जूनमध्ये रिटायर होतायत. तुम्हाला कसं सांगू, हा माणूस आमच्यासाठी काय आहे. ह्याआधी आम्ही दुसऱ्या एका सिनेगॉगमध्ये जायचो, तिथे पहिल्याच दिवशी विचारलं होतं की तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात, भारतात ज्यू कुठले. ह्या रब्बींनी पहिल्या भेटीत फक्त आडनाव ऐकलं आणि विचारलं, हे शेवटचं कर म्हणजे गावाचं नाव का, तुमचं गाव कुठे आहे. मुलाचं बार मिट्झ्वा, म्हणजे तेराव्या वर्षीचा विधी, त्यांनी करून घेतलं. माझे पप्पा ठाण्यात गेले तेव्हा दफन दुसऱ्या दिवशीच होतं, मला पोचताच आलं नाही, तर हे रात्री साडेदहाला उकडलेली अंडी घेऊन दारात. दाराबाहेर आमच्या चपला बघून त्यांनीही बूट काढले, मोजा अंगठ्याला फाटलेला होता, आणि तसेच जमिनीवर बसले. शिवाचे, म्हणजे दुखवट्याचे, सातही दिवस संध्याकाळी प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं गोळा करून आणली, मी एक फोन केला नाही कुणाला. नंतर मग मैत्रीच झाली. दर गुरुवारी मी लंच ब्रेकमध्ये त्यांच्याकडे शिकायला जाते, अर्धा वेळ तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, आणि अर्धा वेळ मुलांच्या तक्रारी, माझ्या आणि त्यांच्याही.

आता प्रश्न. कमिटीने मला तीन मिनिटं बोलायला सांगितलंय. मला आपल्या पद्धतीने शाल, श्रीफळ, मानपत्र असा सत्कार करायचाय आणि मलिदा ठेवायचाय. मिस्टर म्हणतात हे तिथे फार ऑड दिसेल, लोकांना वाटेल हे काय नाटक. दुसरं म्हणजे कमिटीचा इमेल आलाय की नव्या रब्बींना जम बसवता यावा म्हणून जुने रब्बी वर्षभर सिनेगॉगमध्ये येणार नाहीत आणि लोकांनीही त्यांना धार्मिक कामांसाठी गाठू नये. मला तर रडूच आलं. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न आहे, ते दुसऱ्या कुणी लावायचं ही कल्पनाच करवत नाही. मी काय करू?

– न्यू जर्सीहून, ठाण्याची

उत्तर

ठाणेकरीण बाई, शालोम.

तुमचं पत्र वाचलं आणि त्या फाटक्या मोज्यापाशी थांबले. त्या पहिल्या सिनेगॉगचं नाव तुम्ही लिहिलंय ते मी छापत नाही, पण तो प्रश्न मला चांगला माहितीय, आपल्यापैकी बाहेर गेलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी तो विचारलेलाच असतो.

आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण ह्या सदराचे बरेच वाचक कोकणात उन्हाळ्यात जाऊन येतात पण अलिबागची इस्राएल आळी कशामुळे इस्राएल आळी ते त्यांना ठाऊक नसतं. बेने इस्राएल म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज आले अशी परंपरा, तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आणि गावावरून आडनावं, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. पण इतकं सगळं असून आपल्याकडे रब्बी हा प्रकारच नव्हता. पूर्वी काजी होते, मग हज्जान आले, प्रार्थना म्हणणारे, लग्न लावणारे, जन्म-मरणाला धावणारे, आणि ते काही पासष्टाव्या वर्षी पार्टी घेऊन रिटायर व्हायचे नाहीत, आवाज चालतोय तोवर चालू. त्यामुळे रब्बी रिटायर होतायत म्हटल्यावर नक्की काय करायचं असतं ते आपल्या घरात कुणी शिकवलेलं नाही, तुम्ही गोंधळलात ह्यात नवल नाही.

उलट रब्बी म्हटलं की आपल्या मागच्या पिढीच्या मनात आधी धाकधूकच. १९६० च्या सुमाराला इस्राएलमधल्या वरिष्ठ रब्बींच्या मंडळाने बेने इस्राएलांची लग्नं लावायच्या आधी आईच्या बाजूची वंशावळ तपासा अशा सूचना काढल्या होत्या, लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, शेवटी १९६४ साली क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, सांगावं लागलं की हे लोक सर्व बाबतीत ज्यूच आहेत. म्हणजे एकीकडे तुमचं मूळ सिद्ध करा म्हणणारे रब्बी, आणि दुसरीकडे तुमचं गाव कुठलं विचारणारा हा रब्बी. तुमचा जीव त्या माणसात का अडकलाय हे मला समजावून सांगायची गरज नाही.

आता माझं मत सरळ सांगते. तुम्ही दोन कामं एकाच तीन मिनिटांत कोंबायला बघताय. एक, सिनेगॉगच्या रब्बींचा निरोप समारंभ. दोन, तुमच्या गुरुवारच्या मित्राला तुम्हाला जे सांगायचंय ते. पहिलं सगळ्यांचं आहे, कमिटीचं आहे, त्यात अडीचशे माणसांचा वाटा आहे आणि प्रत्येकाला वाटतंय की रब्बी सगळ्यात जास्त आपलेच. दुसरं फक्त तुमचं आहे आणि ते स्टेजवर मावणार नाही, मावू पण नये.

पिर्के आवोत ह्या जुन्या रब्बींच्या वचनांच्या संग्रहात पहिल्याच अध्यायात येहोशुआ बेन पेराख्याचं वाक्य आहे, तुम्ही त्यांच्याकडे शिकलाच असाल: स्वतःला गुरू कर, मित्र मिळव, आणि प्रत्येक माणसाला चांगल्या बाजूने जोख. गुरू आणि मित्र एकाच वाक्यात पण कामं दोन सांगितलीत. तुमच्या नशिबाने दोन्ही एकाच माणसात आले. त्यातला गुरू जूनमध्ये ऑफिसच्या किल्ल्या परत करतोय. मित्राने कुठेही राजीनामा दिलेला नाही. वाक्याचा तिसरा तुकडाही लक्षात ठेवा, तो नव्या रब्बींच्या वेळी लागणार आहे.

भाषण. तीन मिनिटं म्हणजे मराठी माणसाच्या हिशोबात फक्त प्रास्ताविक, मला माहितीय! पण इंग्रजीत तीनशे-साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. विद्वान, थोर, समाजासाठी झटले वगैरे तुमच्या आधीचे चार वक्ते म्हणणारच आहेत. तुम्ही फक्त ती रात्र सांगा. दार, चपलांची रांग, त्यांनी वाकून सोडलेल्या बुटाच्या नाड्या, अंडी, जमिनीवर बसणं. आणि मग रोज संध्याकाळी दहा माणसं. मोजा फाटका होता हे सांगायचं की नाही? मी असते तर आधी त्यांच्या बायकोला विचारलं असतं. ती हसली तर सांगा.

तालमूद ह्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, एरुविन नावाच्या भागात, एक नियम आहे जो मला फार व्यवहारी वाटतो, माणसाची स्तुती त्याच्या तोंडावर थोडी करावी, पूर्ण त्याच्या पाठीमागे. दाखला नोहाचा दिलाय. देव नोहाशी बोलतो तेव्हा त्याला नुसता नीतिमान म्हणतो, आणि त्याच्याविषयी सांगतो तेव्हा नीतिमान आणि निर्दोष असं दोन्ही. स्टेजवर बसलेल्या माणसाची अवस्था बघा ना, लोक कौतुकाचे डोंगर रचतायत आणि तो बिचारा मान खाली घालून पाण्याची बाटली फिरवत बसलाय. त्यांना त्यातून वाचवा. शिवाय रब्बींच्या कार्यक्रमात एक हमखास घोळ होतो, रिटायरमेंटचं भाषण ऐकता ऐकता हेस्पेद वाटायला लागतं, म्हणजे मयताच्या वेळी बोलतात तसलं. सगळं भूतकाळात. ते असे होते, ते तसे होते. अहो माणूस समोर बसून समोसा खातोय! वर्तमानकाळात बोला.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. गुरुवारच्या गप्पांत त्यांनी तुम्हाला त्यांच्या मुलांविषयी जे सांगितलं असेल त्यातलं एक अक्षर नको, गमतीतलं सुद्धा नको. आणि तुमच्यानंतर आमचं काय होणार, तुमच्यासारखा दुसरा होणे नाही, हे नको. नवे रब्बी बहुतेक तिथेच तिसऱ्या रांगेत बसलेले असतील, बायको-मुलांना घेऊन, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजी कळतं.

उरलेलं सगळं पत्रात लिहा. हाताने, कागदावर, कितीही पानं. पहिलं सिनेगॉग, तो प्रश्न, तुम्ही घरी जाऊन काय बोललात, पप्पा, सगळं. हे पत्र समारंभात देऊ नका, त्या दिवशी त्यांना दोनशे पाकिटं मिळणार आहेत आणि ती सगळी एका पिशवीत जाणार. महिन्याभराने पोस्टाने पाठवा. रिटायर झालेल्या माणसाचा पहिला महिना मजेत जातो, दुसऱ्यात फोन वाजेनासा होतो, तेव्हा पोचू दे.

शाल-श्रीफळ. माझं उत्तर हो असं आहे, करा. मिस्टरांना सांगा की ऑड तर दिसणारच, आपण आहोतच वेगळे, आणि त्या माणसाने पहिल्या भेटीत तुमच्या त्याच वेगळेपणाविषयी विचारलं होतं, मग त्याच्याच कार्यक्रमात ते लपवायचं कशाला? फक्त काही गोष्टी आधी बघून घ्या.

शालीत लोकर आणि लिनन एकत्र नको. त्याला शातनेझ म्हणतात, ते वर्ज्य. तोरात दोन ठिकाणी आलंय, लेवीय १९ मध्ये आणि अनुवाद २२ मध्ये. शुद्ध लोकरीची चालेल, रेशमी चालेल, सुती चालेल, पण हल्ली शालींवर शंभर टक्के पश्मिना असं लिहून आत काय काय घालतात देवाला ठाऊक, तेव्हा लेबल नीट वाचा, आणि शंका असली तर सरळ रेशमी घ्या. पैठणीच्या काठाचं उपरणं सुंदर दिसेल, फक्त मोर असलेला पदर नको म्हणते मी, उगाच कुणीतरी मूर्ती-चित्रांचा विषय काढायचा. कुंकवाचा टिळा आणि ओवाळणं नको, ते आपल्याकडेही नाहीच, पण भारतीय सत्कार म्हटल्यावर कमिटीतली एखादी उत्साही बाई यूट्यूब बघून ताट तयार करून आणेल, आधीच सांगून ठेवा. पायाही पडू नका. त्याऐवजी ते आत येतील तेव्हा सगळ्या हॉलला उभं राहायला सांगा, पांढऱ्या केसांपुढे उठून उभा राहा असं लेवीय १९ मध्येच सांगितलंय, ह्यात कुणाची ना असणार नाही. आणि शाल घातल्यावर हातबोशी करा ना! दोन्ही हातांत हात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावायची, आपले लोक सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर एकमेकांना करतात तशी. तुमचे रब्बी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे (नाव तसं असलं तरी ऑर्थोडॉक्सांहून मोकळे) आहेत असं तुमच्या पत्राच्या वगळलेल्या भागात आहे, म्हणजे बाईने हात हातात घेण्याची अडचण बहुधा नसावी, ऑर्थोडॉक्स असते तर शाल मिस्टरांनी घालायची आणि तुम्ही बोलायचं असं सुचवलं असतं. तरी एकदा विचारून घ्याच.

कार्यक्रम रविवारी आणि शावुओतच्या सणानंतर ठेवलाय हे कमिटीने छान केलं, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, असता तर फोटो नाहीत, माइकचा प्रश्न, आणि मानपत्र घरून उचलून आणण्यावरूनही वाद.

मानपत्र मराठीत लिहा, हिब्रू आणि इंग्रजी भाषांतरासकट. आमच्याकडे मानपत्र म्हटलं की ठाशीव विशेषणांची माळ असते, ती नको, दहा ओळी पुरे. त्याची मांडणी कशी करायची तर एक आयडिया देते. १८७४ साली पुण्यात एक हगादा, म्हणजे पेसाखच्या सणाला वाचायचं पुस्तक, छापला होता, हिब्रू आणि शेजारी मराठी, आणि त्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या, अंबाडा घातलेल्या आपल्या बायका जमिनीवर बसून पेसाखची मट्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी, करतायत, कणीक भिजवण्यापासून भाजण्यापर्यंत. ते चित्र घ्या, खाली मानपत्र, आणि फ्रेम. त्यांच्या भिंतीवर ज्या बाकीच्या फ्रेमा लागतील, जेरुसलेमची भिंत वगैरे, त्यात ही एक वेगळी दिसेल. भेटीच्या रकमेचं म्हणाल तर अठराच्या पटीत, हाय ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ जीवन आणि त्याच्या अक्षरांची बेरीज अठरा, हे तुम्हाला माहितीच आहे, आणि पैसे त्यांच्या हातात देण्यापेक्षा ते ज्या कामाला स्वतः पैसे देतात तिथे त्यांच्या नावाने द्या.

मलिदा. इथे मला सगळ्यात आनंद झाला. आपल्याकडे नवस फिटला, घर घेतलं, परीक्षा पास झाली, कुणी आजारातून उठलं की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, मलिदा करतातच, भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं, मग आभार मानायला ह्याहून योग्य काय. पण घरून करून आणलेलं अन्न सिनेगॉगच्या किचनमध्ये बहुतेक ठिकाणी नेऊच देत नाहीत, तुमचं घर काश्रूत, म्हणजे खाण्याचे धार्मिक नियम, कितीही पाळणारं असलं तरी, नियम सगळ्यांना सारखा. तर घरून काही करून नेऊ नका. पोह्याचं बंद पाकीट, अख्खे नारळ, अख्खी फळं, साखर हे सगळं तिथे न्या, तिथलं काश्रूतचं बघणाऱ्याला आधी पाकिटाचा फोटो पाठवा, आणि तिथल्याच भांड्यात तिथेच भिजवा. शिजवायचं काहीच नाही त्यामुळे तुमचं काम सोपंय. अडीचशे माणसांना वाटीभर देऊ नका, त्यांना काय ते कळणार नाही आणि अर्धं टाकतील, लहान द्रोणात दोन चमचे आणि एक खजूर.

आणि एक गंमत करा. मलिद्याच्या ताटात झाडाची फळं, जमिनीची फळं आणि तांदळाचे पोहे एकत्र, प्रत्येकाची ब्राखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची प्रार्थना, वेगळी, केळं तर दिसायला झाडाचं पण ब्राखा जमिनीच्या पिकाची. तर ह्या भिजवलेल्या, न शिजवलेल्या पोह्यांवर कुठली ब्राखा म्हणायची, हा प्रश्न त्यांना सगळ्यांसमोर स्टेजवरच विचारा. शिजवलेल्या भाताची ब्राखा ठरलेली आहे, पण पोहे म्हणजे आधी भिजवून, भाजून, कांडून चपटे केलेले, मग ते शिजवलेले धरायचे की कच्चे? मी सांगते तुम्हाला, मानपत्र ऐकताना जो माणूस अवघडून बसला होता तो ह्या प्रश्नावर खुर्चीत पुढे सरकेल, दाढीला हात जाईल, आणि नवे रब्बी पण तिसऱ्या रांगेतून काहीतरी म्हणतील. दोघांना वाद घालू द्या पाच मिनिटं. नव्या-जुन्यांची ओळख करून द्यायची ह्याहून बरी जागा कमिटीला सापडणार नाही.

शिकण्यावरून आठवलं. खरी भेट कुठली म्हणाल तर सियुम, म्हणजे एखादा ग्रंथ शिकून संपवल्याचा समारंभ. पेसाख संपला की पिर्के आवोतचा एकेक अध्याय दर शब्बाथला वाचायची पद्धत आहेच, अध्याय ६, म्हणजे शावुओतपर्यंत बरोबर बसतं. त्यांच्याकडे आजवर शिकलेल्या सगळ्यांना गोळा करा, बार मिट्झ्वाची मुलं जी आता कॉलेजात किंवा नोकरीला आहेत त्यांनाही, प्रत्येकाने थोडा थोडा भाग वाटून घ्यायचा, गुपचूप शिकायचं, आणि शेवटचा भाग कार्यक्रमात त्यांच्याबरोबर पूर्ण करायचा. मग कद्दीश दे-रब्बानान, शिकून झाल्यावर म्हणायची प्रार्थना. त्यात गुरूंसाठी, त्यांच्या शिष्यांसाठी आणि शिष्यांच्या शिष्यांसाठी मागणं आहे, आणि ते म्हणताना हॉलमध्ये हे तिन्ही खरोखर बसलेले असतील. तुमच्या मुलाला हे कोऑर्डिनेट करायला लावा, ह्या पोरांना शेअर्ड शीट बनवायला दोन मिनिटं लागतात.

आता ते वर्षभराचं. तुम्हाला रडू आलं, साहजिक आहे, पण कमिटी वाईट नाही हो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हेच करतात, साधारण १ जुलैला नवे रब्बी रुजू होतात, दोन महिन्यांत रोश हशाना आणि योम किप्पूर हे मोठे सण अंगावर, आणि त्यातच जुने रब्बी पहिल्या रांगेत बसले तर सगळे लोक आमेन म्हणताना त्यांच्याकडे बघणार. खुद्द तुमच्या रब्बींनीच ही अट मागितली असण्याची शक्यता जास्त. सासूबाईंनी स्वयंपाकघर सुनेच्या हातात दिलं म्हणायचं आणि मग दारात खुर्ची टाकून बसायचं, तसलं त्यांना करायचं नाहीये.

पण इमेल परत वाचा. धार्मिक कामांसाठी गाठू नये असं आहे. जेवायला बोलावू नये असं कुठे लिहिलंय? गुरुवारचं लंच त्यांच्या ऑफिसमध्ये होणार नाही, कॅफेत होईल किंवा तुमच्या डायनिंग टेबलवर होईल. मी एवढंच म्हणेन की निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका, त्यांनाच सरळ विचारा, तुम्हाला हे पुढे चालू ठेवायला आवडेल का, आणि कधीपासून. रब्बी लोकांना ह्या बाबतीत स्वतःहून बोलता येत नाही, इतकी वर्षं प्रत्येक मैत्रीत ते थोडे ड्युटीवर असतात, समोरचा मित्र म्हणून आलाय की काही काम घेऊन हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. ते कदाचित म्हणतील तीन महिने द्या मला. द्या. आणि चालू झालं की एक पथ्य, सिनेगॉगचं गॉसिप नाही. नवे रब्बी भाषण लांबवतात, कमिटीने फी वाढवली, हे त्यांच्या कानावर घालायचं नाही, त्यांनी विचारलं तरी नाही.

लग्नाचं जरा कठीण आहे. तुम्ही आधी नव्या रब्बींना भेटायचं. हे मी ठामपणे सांगतेय कारण ह्याच्या उलट केलं, म्हणजे आधी जुन्यांना गळ घातली आणि मग नव्यांना कळवलं, तर तुम्ही तुमच्या मित्रालाच कात्रीत पकडलंत, नाही म्हणावं तर तुम्ही दुखावणार आणि हो म्हणावं तर त्यांनी दिलेला शब्द मोडतो. नव्या रब्बींकडे जा, मुलीला आणि होणाऱ्या जावयाला घेऊन, ओळख होऊ दे, आणि मग सांगा की ह्या माणसाने आमच्या घरासाठी काय केलंय आणि आमची इच्छा आहे की लग्नात त्यांचा सहभाग असावा. लग्न पुढच्या वर्षी आहे, ते वर्ष तोवर संपतंय का बघा, तारीख थोडी मागेपुढे होत असेल तर करा. बऱ्याचदा नवे रब्बी स्वतःच बोलावतात, दोघं मिळून लावतात, सात ब्राखांपैकी काही एकाने काही दुसऱ्याने. आणि नाहीच म्हणाले तर? तर तो येहोशुआ बेन पेराख्याच्या वाक्याचा तिसरा तुकडा, चांगल्या बाजूने जोख. नव्या माणसाला नाही म्हणायची कारणं असू शकतात, त्याच्याशी भांडून लग्न करू नका.

शिवाय तुम्ही एक विसरलात, आपल्या लग्नात मेहंदी असते! तिथे रब्बी लागतच नाही. आदल्या दिवशी तुमच्या घरी त्यांना पाहुणा म्हणून बोलवा, बायकोसकट, बोटाला मेहंदी लावा, शेजारी बसवा, बायका गाणी म्हणतील ती ऐकवा, नारळाच्या दुधातलं जेवण वाढा. आयुष्यभर प्रत्येक लग्नात हा माणूस हुप्प्याखाली, म्हणजे लग्नाच्या मांडवाखाली, उभा राहिलाय, घड्याळ बघत, केतुबा म्हणजे लग्नाचा करार तपासत, वाइनचा कप विसरला का बघत. एकदा तरी त्याला ढोलकीच्या बाजूला निवांत बसू दे.

आणखी एक सुचवून बघते, जमलं तर. त्यांना कोकण दाखवा. नोकरीत असताना ह्या लोकांना दर शब्बाथला हजर राहावं लागतं, दहा दिवसांची सलग सुट्टी म्हणजे चैन. आता तुम्ही ठाण्याला माहेरी जाल तेव्हा दोघांना बरोबर घ्या. टेंभी नाक्याचं सिनेगॉग, जिथे तुमच्या पप्पांची जागा होती. मग अलिबाग, इस्राएल आळी, नवगावचं जुनं कब्रस्तान आणि स्मारक, अलिबागजवळच्याच खंडाळा गावातला (घाटातला खंडाळा नव्हे) एलियाहू हन्नाबीचा टापा, तिथे खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात, त्यावर तुमचे रब्बी काय म्हणतात ते मला नक्की कळवा. हिवाळ्यात या, गेटवेहून मांडव्याची बोट पावसाळ्यात बंद असते. खाण्याचं टेन्शन घेऊ नका, शाकाहारी आणि आपल्याच कुणाच्या घरी. पप्पांच्या कबरीवर ते तुमच्याबरोबर उभे राहिले तर जे त्या वेळी व्हायचं राहिलं ते होईल. पण हे आमंत्रण स्टेजवरून देऊ नका, अडीचशे लोकांसमोर नाही म्हणता येत नाही कुणाला. त्या पत्रात शेवटच्या पानावर लिहा.

त्यांच्या बायकोचं राहिलं. तिला फक्त बुके देऊन खाली बसवू नका. तुमच्या दारात जेव्हा तो माणूस रात्री साडेदहाला उभा होता तेव्हा ती अंडी कुणी उकडली होती असं तुम्हाला वाटतं? एक शाल तिलाही.

मिस्टरांचं म्हणाल तर त्यांना नुसतं प्रेक्षक ठेवलंत की ते ऑड ऑडच म्हणत बसणार. त्यांना नारळाचं काम द्या. अमेरिकन सुपरमार्केटमधला नको, तो सोललेला, गुळगुळीत, वर प्लास्टिक गुंडाळलेला असतो, हातात दिला तर श्रीफळ न वाटता बोलिंगचा बॉल वाटतो. एडिसनला ओक ट्री रोडवर शेंडीवाला मिळतो. सत्कारासाठी शेंडीवाले दोन, मलिद्यासाठी वेगळे, आणि मलिद्याचे सांगाल त्यापेक्षा तीन-चार जास्त आणायला लावा, हलवून पाणी आहे का बघून, कारण इतक्या लांबून आलेल्या नारळात एखाद-दुसरा खवट निघतोच.

– तुमची ताई